पटावरचा सरवाराम

मामा, तुम्ही हट्टी होता. हे तुमच्या तोंडावर मी कधी बोलले न्हाई, कारण सासऱ्याला हट्टी म्हणायची रीत आपल्याकडं न्हाई, आणि म्हणाले असते तरी तुम्ही नुसते हसला असता. पण तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले, आता मला कोण अडवतंय? तुम्ही हट्टी होता आणि मी तुमच्याहून हट्टी निघाले. तेवढं कबूल करायलाच हा कागद पुढं ओढलाय.

घरात अजून माणसांची ये-जा चालूच आहे. तीर्थपुरीच्या अडतीवर तुमच्यासोबत पोती उचललेले म्हातारे आल्ते. एक जण म्हणत होता, पोत्यावरचा मार्का बघून कोणता माल कोणाचा हे तुम्ही लांबून सांगायचे, अक्षर एक येत नव्हतं तरी चूक कधी व्हायची न्हाई. जो तो तुमचं नाव घेऊन बोलून राह्यला. ओसरी तुमच्या नावानं भरून गेल्ती. त्या सगळ्यांत तुमचं नाव न घेणारी मी एकटी.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. घरात तुम्ही, तुमचा लेक आणि मी. ह्यांची नोकरी जालन्याला, एका पेढीच्या गोदामावर, घरी यायचे ते आठवड्यातून एकदा. म्हणजे उरलो आपण दोघं, आणि आपण दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो. भांडण न्हाई, काही न्हाई, रीतच तशी. सुनेनं डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढायचा, सासऱ्यापुढं तोंड उघडायचं न्हाई, त्यांचं नाव तर मेल्यावरसुद्धा घ्यायचं न्हाई. सुजाता झाली आणि आपल्याला तिचा आधार झाला. "सुजे, आबाला म्हण, भाकर झाली." "सुजे, मायला म्हण, कालवणात मीठ कमी हाय." पोरगी पाळण्यात झोपलेली असायची तरी आपले निरोप तिच्याच नावानं जायचे. आता आठवलं की हसू येतं. तेव्हा हसू येत नव्हतं, मामा. सात वर्षं मला या घरात बरोबरीनं बोलायला मोठं माणूस नव्हतं.

आणि त्यात तो फॉर्म. मी मॅट्रिक पास झालेली, मास्तरीण व्हायचं हे माझ्या डोक्यात लहानपणापासून. मिलिंद दोन वर्षांचा झाला तेव्हा ह्यांनी जालन्याहून शिक्षिकेच्या ट्रेनिंगचा फॉर्म आणून दिला. दोन वर्षं बाहेरगावी राहायचं होतं, घरातल्या कर्त्या माणसाची संमतीची सही लागत होती. तुम्ही चुलीकडं पाठ करून सुजाताला म्हणालात, "मायला म्हण, लेकरं टाकून शिकणं जमायचं न्हाई. कोण बघील त्यांना? मी? मला लेकरांतलं काय कळतं?" फॉर्म घडी घालून पेटीच्या तळाशी ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला तुमचा राग आला. खरा राग, मामा. तो आज सांगून टाकते.

दुसऱ्या वर्षी होळीच्या आसपास साथ आली. दवंडी पिटली, शाळा बंद झाली, टोचणारे येऊन दोन्ही लेकरांच्या दंडाला टोचून गेले आणि सांगून गेले की पोरं घराबाहेर काढू नका. आपल्यापासून तिसऱ्याच घरात एक लेकरू आजारी पडलं होतं. आळीतल्या बाया त्या आजाराचं नाव घेत नव्हत्या, दबक्या आवाजात म्हणायच्या, "बाई आल्यात गं, दारं लावा." आपल्या घरात तर धर्म बदलल्यापासून देवी हा शब्दच बंद. तुमचा कायदा होता, साथ म्हणा, रोग म्हणा, आपल्यात देवी-बिवी कुणी न्हाई. म्हणून आपल्या घरात साथ आल्ती आणि शेजारच्या घरात बाई आल्त्या.

सुजाता तेव्हा पहिलीत होती. तिला बाई माहीत होती ती एकच, शाळेतली. शेजारच्या पार्वतीमावशी भिंतीआडून ओरडल्या, बाई आल्यात, लेकरं आत घ्या, आणि मी बघते तर सुजाता पाणी लावून केस चापून, पाटी मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसलेली. मी तिला आत ओढलं, दार लावलं. तिनं भोकाड पसरलं. बाई आल्यात, सगळे म्हणून राह्यले बाई आल्यात, मंग दार का लावलं? मिलिंद तिचं बघून रडायला लागला. बाहेर पडायची मुभा तुम्हाला तेवढी होती, कारण लहानपणीच तुम्हाला तो रोग होऊन गेल्ता. तुम्ही पाण्याची घागर घेऊन आत आलात, ऐकलं, घागर टेकवली. आणि मंग माझ्याकडं न बघता, पण सुजाताकडंही न बघता बोललात.

"बरोबर हाय पोरीचं. बाई आल्यात. आपल्या घरातच हायेत." आणि मंग, "बाई, शाळा भरवा."

तुम्ही मला म्हणाला होतात. सुजाताला मधी न घेता, मला.

तुम्ही तवा उलटा करून त्याची काजळी खरवडली, पाण्यात कालवून दाराच्या मागच्या बाजूला फासली. फळा तयार. पांढऱ्या मातीचं ढेकूळ तुम्हीच कुठून तरी खिशात घालून आणलं. पोत्यावर दोन लेकरं बसवली आणि त्यांच्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन, तुम्ही बसलात. मी पदर दातात धरून फळ्याजवळ उभी. घामानं नुसती भिजले होते. सुजातानं सांगितलं, बाई आधी पट घेतात.

"सुजाता."

"हजर बाई!"

"मिलिंद."

त्याला ज म्हणता येत नव्हतं, तो "हदल" म्हणाला. आणि तिसऱ्या नावाला मी अडकले. तुम्ही शहाण्या पोरासारखे वाट बघून राह्यले. सुजाता माझ्यावर डाफरली, आबाचं नाव घे. मी काय करणार? तुम्ही वर मला छळायला म्हणालात, आमचं नाव पटावर न्हाई काय, मंग आम्ही घरी जातो. मी वळले आणि दारावर लिहून टाकलं, सखाराम. लिहायला बंदी नव्हती, बंदी म्हणायची होती. तुम्ही बोट करून विचारलं, हे काय? मी म्हणाले, "तुमचं नाव." वाच की, म्हणालात. मी म्हणाले, "मला वाचता येत न्हाई." त्यावर तुम्ही असे हसलात की ठसका लागला. बाईला वाचता येत न्हाई, बाईला वाचता येत न्हाई, करत मिलिंद घरभर नाचला. तुमच्याशी बोललेली माझी पहिली दोन वाक्यं ही, मामा. त्यातलं दुसरं तर खोटं.

शेवटी सुजाता उठली. मी वाचते, म्हणाली. पहिलीतली पोर, एकेका अक्षरावर बोट ठेवून तिनं वाचलं, स, र, वा, रा, म. माझ्या ख मधला र आणि व तिला वेगवेगळे दिसले. सरवाराम! मला हसू आवरेना, आणि त्याच क्षणी डोक्यात उजेड पडला, की हे नाव तर माझ्या सासऱ्याचं न्हाई. हे घ्यायला काय हरकत आहे? मी पदर सोडला, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात पट घेतला. "सरवाराम!"

तुम्ही हात वर केलात. "हजर, बाई."

दीड महिना ती शाळा चालली. सकाळी शाळा आणि मधल्या सुट्टीत तुमचं राज्य. ज्वारीच्या धांड्याच्या बैलगाड्या तुम्ही केल्या, चाकांना चिंचोके लावले. मिलिंदनं मोडली की दुसरी, दुसरी मोडली की तिसरी. धांडे संपले तेव्हा तुम्ही न्हाणीच्या आडोशाची धांड्यांची ताटी उपसायला लागलात आणि मी न राहवून पुन्हा जुन्या मार्गानं गेले, "सुजे, आबाला म्हण, न्हाणी उघडी पडली." तुमचा निरोप आला, मायला म्हण, साथ सरल्यावर नवी ताटी बांधतो, तवर चादर लाव. तुम्ही मिलिंदला पोत्यासारखं पाठीवर घेऊन फिरायचे, त्याच्या पोटावर पांढऱ्या मातीनं मार्का काढायचे आणि विचारायचे, हा माल कोणाच्या अडतीवर टाकू? सुजातानं मातीची चूल मांडली की तिच्या खोट्या भाकरीला तुम्ही खरी नावं ठेवायचे, एका बाजूनं करपली म्हणायचे. ती रुसायची, तुम्ही समजूत काढायचे. मला लेकरांतलं काय कळतं म्हणणारा माणूस हाच का, असं मला वाटायचं. चुलीपुढं बसून मी नुसती बघत राहायची.

एकदा मिलिंद तुमच्या गालावरच्या खड्ड्यांत एकेक चिंचोका बसवून बघून राह्यला होता. मी त्याला दटावलं. तुम्ही म्हणालात, राहू दे. आणि मंग तुमचं तुम्हीच सांगत गेलात, त्या लेकराला सांगितल्यासारखं, पण मला ऐकू यावं इतक्या आवाजात. सहा-सात वर्षांचे असताना तुम्हाला रोग झाला तेव्हा शेतातल्या खोपीत नेऊन ठेवलं होतं. माय भाकर आणून लांब ठेवायची आणि रडत परत जायची. तिची चूक नव्हती, घरात आणखी चार लेकरं होती. तुम्ही म्हणालात, "दुखण्याचं काही आठवत न्हाई. कुणी खेळायला नव्हतं, ते आठवतंय." तेव्हा मला कळलं, तुम्ही न्हाणीची ताटी का उपसली ते. माझा राग अर्धा तिथंच उतरला.

नाव लिहायला तुम्ही शिकलात. पोती उचलून बोटं अशी झालेली की मातीचं ढेकूळ चिमटीत धरवत नव्हतं, मुठीत धरून लिहायचे. स आला, वा आला, राम तर पटकन आला. पण ख मधला र आणि व तुम्ही लांब लांब लिहायचे. लिहून झालं की मागं सरून विचारायचे, "बराबर हाय का, बाई?" मी म्हणायची, न्हाई, त्या दोघांना जवळ आणा, र चं शेपूट व ला लागू द्या. आणि तुम्ही गंभीर चेहरा करून म्हणायचे, "साथ हाय, बाई. लांब लांबच बसावं लागतंय."

मी सगळ्यांना वर चढवलं, तुम्हाला त्या ख पायी पहिलीतच ठेवलं.

साथ ओसरली. आपली दोन्ही लेकरं धडधाकट राहिली. तिसऱ्या घरातलं लेकरूही वाचलं. ज्या दिवशी शाळा उघडली त्या दिवशी सुजाता दप्तर घेऊन पळाली, मिलिंद अंगणात गेला आणि घर एकदम मोकळं पडलं. मी मनात म्हणाले, संपलं. आता परत पदर कपाळावर, परत सुजे आबाला म्हण. मी चुलीकडं वळले तर मागून आवाज आला.

"बाई. तो कागुद काढ पेटीतला."

तुम्ही परत म्हणालात, काढ, जल्दी कर, सवय मोडायच्या आत सही करू दे. आणि खाली बघत, "लेकरांतलं आता कळतंय मला थोडंथोडं. तू जा."

ज्या माणसानं आयुष्यभर अंगठा उठवला त्यानं माझ्या फॉर्मवर पहिली सही केली. सरवाराम. र एकीकडं, व दुसरीकडं. आठ दिवसांनी ट्रेनिंगच्या ठिकाणी कारकुनानं विचारलं, हे सरवाराम कोण? मी म्हणाले, माझे सासरे. तो म्हणाला, दाखल्यावर तर दुसरं दिसतंय, खरं नाव बोला. आता काय बोलू? मी त्याच्याच हातातला पेन मागून घेतला आणि खाली नीट जोडून लिहून दिलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की ही बाई मुकी आहे का काय. बाहेर येऊन मी एकटीच हसत सुटले.

दोन वर्षं तुम्ही माझी लेकरं सांभाळली, मामा. सुट्टीत आले की दोघं मला कमी आणि तुम्हाला जास्त चिकटलेली असायची. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण त्यांचे केस विंचरलेले, नखं कापलेली आणि घरात धांड्याच्या गाड्यांचा ढीग. आळीतले लोक तुम्हाला हसायचे, म्हातारा पोरीच्या वेण्या घालून राह्यला म्हणायचे. त्यांना तुम्ही काय उत्तर दिलं ते मला पार्वतीमावशीनं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "आमच्या घरी शाळेच्या बाई तयार व्हायच्यात. खर्च लागतो त्याला, वेळेचा."

मी मास्तरीण झाले. शेजारच्या गावात नेमणूक मिळाली, रोज बसनं जाऊन-येऊन. पदर खांद्यावर आला. तुमच्याशी मी दिवसभर बोलायला लागले, वाद घालायला लागले, चहात साखर किती यावरून भांडायला लागले. एकच राहिलं. एके दिवशी तुम्ही म्हणालात, देव सोडले, रूढी सोडल्या, ही एक का धरून ठेवली? शाळेत पन्नास पोरांची नावं घेती, माझं घ्यायला जीभ झडती का? मी म्हणाले, आधी ख जवळ आणा, मंग घेते. तुम्ही म्हणालात, आधी तू नाव घे, मंग ख जवळ आणतो. झालं. बसलो दोघं अडून.

मला ते नाव घ्यायचं नव्हतं असं न्हाई. एकटी असताना बसस्टँडवर एकदोनदा ओठ हलवून बघितले, आवाज निघाला न्हाई. लहानपणापासून जे अंगात मुरलंय ते ट्रेनिंगमध्ये काढून टाकत न्हाईत. आणि खरं सांगू? सरवाराम म्हणून हाक मारली की तुम्ही "हजर बाई" म्हणायचे, ते मला फार आवडायचं. ते बंद होईल म्हणून भीती वाटायची. रेडिओवर सांगितलं की देशातून तो रोग पुरता गेला, तेव्हा मी धावत येऊन म्हणाले, मामा, साथ संपली, आता आणा दोघांना जवळ. तुम्ही म्हणालात, रेडिओला काय कळतंय, त्या दोघांना सवय झाली आता.

लेकरांच्या प्रगतिपुस्तकावर सही मात्र तुमचीच. माय मास्तरीण असली तरी सही आजाची, हा तुमचा हक्क. दर परीक्षेला सरवाराम. मिलिंदच्या बाईंनी तर विचारायचंच सोडून दिलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. मी पेपर तपासत बसले होते. तुम्ही दारात उन्हाला बसून विचारलं, बाई, पोराचं पुस्तक बघितलं का? मी म्हणाले, बघते मामा, उद्या. दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा विचारलं. मला वाटलं, मिलिंदला गणितात कमी पडले असतील आणि तुम्हाला त्याची बाजू घ्यायची असेल. मी म्हणाले, मार्क बघून काय करायचं, आहेत ते आहेत. तुम्ही म्हणालात, "मार्काचं न्हाई विचारून राह्यलो." आणि भाकरीचा तुकडा मोडून खाली बघून खायला लागलात. मला बसची घाई होती. त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही त्याच दारात, चहाचा कप शेजारी ठेवून, बसल्या बसल्या गेलात.

काल मिलिंदचं दप्तर आवरताना ते पुस्तक हाताला लागलं. सहीची जागा उघडली.

सखाराम.

र चं शेपूट व ला लागलेलं. जोर देऊन लिहिलेलं, इतकं की पेन कागदात रुतलेला. मिलिंदला विचारलं तर म्हणाला, आबानं वहीच्या मागं लई दिवस गिरवलं होतं, आणि मला दम दिला होता, मायला सांगू नको, तिचं तिला दिसू दे. वही बघितली. शेवटची चार पानं नुसत्या ख नं भरलेली.

मामा, तुम्ही आधी हार मानली. हट्टी माणसानं आधी हार मानली आणि मी बघितलंसुद्धा न्हाई. दोनदा विचारलंत. जगात कुठली बाई आपल्या विद्यार्थ्याची वही बघायची राहून जाते? रडले मी, खूप रडले. पण रडता रडता हसू पण येत होतं, चार पानं ख गिरवणारा तुमचा चेहरा डोळ्यांपुढं येऊन.

मंग उठले. तोंड धुतलं. त्या दारामागं अजून काजळीचा डाग आहे, किती घासला तरी गेला न्हाई, आता घासणारही न्हाई. तिथं जाऊन उभी राहिले. सुजाता न् मिलिंद पोत्यावर येऊन बसले, त्यांना काही सांगावं लागलं न्हाई. मी पट घेतला. सुजाता हजर म्हणाली. मिलिंदला आता ज येतो. तिसऱ्या नावाला थांबले न्हाई.

"सखाराम."

माझाच आवाज मला ऐकू आला. सुजातानं तोंडावर हात ठेवला. मी पुस्तक उघडलं, तांबडी पेन्सिल घेतली आणि तुमच्या सहीशेजारी खूण केली.

बराबर हाय, मामा.